दुसऱ्या नंबरचं मेडल

आमच्या ह्यांच्या हातात एकदा माईक गेला की तो परत काढून घेणं कुणाच्या बापाला जमत नाही. लग्न असो, जयंती असो, शाळेचं गॅदरिंग असो. आमच्या देऊळघाटात तर लोक आता कार्यक्रम ठरवतानाच माईकवाल्याला सांगून ठेवतात, की प्रेमानंद सर बोलायला उभे राहिले की थोड्या वेळानं वायर सैल कर. मी बुलढाणा डेपोत कंडक्टर आहे. भरल्या गाडीतून दारुड्याला खाली उतरवते, बिनतिकिटाच्याला गर्दीतून हुडकून काढते. पण घरातल्या या एका माणसाला 'पुढं सरका' म्हणायला मला अर्धा जन्म लागला.

प्रेमानंद कराटे शिकवतात. नुसतं 'शिकवतात' म्हटलेलं त्यांना चालत नाही. फ्लेक्सवर 'ग्रँडमास्टर प्रेमानंद सर, विदर्भाचा वाघ' असं असतं. हा वाघ रोज सकाळी डोक्यावरचा चष्मा घरभर शोधत फिरतो, ते फ्लेक्सवाल्याला कुठून माहीत असणार? कार्यक्रमात ते कपाळानं विटा फोडतात, ट्यूबलाइट पाठीवर फोडून घेतात, डोळ्यांवर पट्टी बांधून तलवारीनं काकडी कापतात. विटा भट्टीवाल्याकडून मुद्दाम अर्ध्याकच्च्या आणलेल्या असतात. एकदा त्यानं चुकून पक्क्या दिल्या. ह्यांच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं, तरी माईक हातात घेऊन म्हणाले, "दोस्तो, दर्द क्या होता है, हे या विटेले विचारा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर मात्र रात्रभर हळद लावायला मी होते.

आणि अकोल्याची गोष्ट. ती प्रत्येक कार्यक्रमात असते. तरुणपणी अकोल्याच्या मोठ्या स्पर्धेत त्यांनी कसे एकामागून एक पैलवानासारखे गडी लोळवले आणि कप आणला, ते तालुक्यातल्या पोराटोरांना तोंडपाठ आहे. दर वर्षी लोळवलेल्या गड्यांची संख्या वाढते. तो कप आमच्या घरी टीव्हीच्या वर आहे. त्यात चाव्या ठेवतात.

पण माझं डोकं खरं फिरायचं ते मेडलांवरून. ह्यांच्या स्पर्धेत कुणी हरत नाही. कुणीच नाही. पोरगं आलं, पांढरा ड्रेस घातला, की त्याला गोल्ड मेडल. हे कसं, तर गट पाडून. वयाचा गट, वजनाचा गट, पट्ट्याच्या रंगाचा गट, तालुक्याचा गट. चाळण्यावर चाळण्या लावत जायचं, शेवटी एका गटात एकच पोरगं उरतं. ते मॅटवर येतं, वाकून नमस्कार करतं, रिकाम्या हवेत दोन लाथा मारतं आणि पहिला नंबर घेऊन जातं. आईबाप फोटो काढतात, पोरगं पुढच्या वर्षी परत येतं. चुकून दोन पोरं एका गटात आलीच तर हे त्यातल्या एकाला म्हणणार, "बेटा, जा, मसालेभात खाऊन ये." पोरगं पोटभर जेवून आलं की परत काट्यावर उभं करायचं. वजन वाढलेलं असतंच. झाला वेगळा गट.

"हारलेलं पोरगं परत येत नाही सुवर्णा," ते मला सांगायचे. "घरी जाऊन बसते. त्याले कोणी इचारत नाही."

"अन् जिंकलेल्याले काय येते?" मी विचारायची. "वाकता येते फक्त."

आमच्या पोरीच्या, धम्मशीलाच्या खोलीची एक भिंत अशा मेडलांनी भरली आहे. मेडलं म्हणजे काय, पांढऱ्या पत्र्यावर सोनेरी पाणी. एक उन्हाळा गेला की घामानं, हातानं पाणी उडतं आणि खालून पांढरं दिसायला लागतं. जुनी मेडलं सगळी पांढरी पडली आहेत. तिच्या आजीनं, माझ्या सासूबाईंनी, एकदा चिंच लावून घासून पाहिली, तर उरलंसुरलं सोनंही मोरीतून वाहून गेलं.

धम्मशीला आता बुलढाण्याला कॉलेजात आहे. येताना कधी कधी माझ्याच गाडीत बसते. या हिवाळ्यात एक दिवस अशीच चढली. गाडी रिकामी होती. माझ्या सीटजवळ येऊन बसली.

"आई, पुढच्या महिन्यात अमरावतीले निवड हाये. राज्याच्या टीमची."

"मालूम हाये. तुह्या पप्पानं आतापासूनच फ्लेक्स सांगून ठेवला."

"आई, मले आजवर कोणी मारलंच नाही."

"मंग? मी मारू का?"

"मी गंमत नाही करून राह्यली." तिचा आवाज एकदम बदलला. मी तिकिटाची मशीन बाजूला ठेवली. "माह्यासमोर मॅटवर कोणी उभंच नाही राह्यलं. क्लासमधली पोरंबी सरची पोरगी म्हणून हळू मारते. मी जाते, वाकते, मेडल घेते, येते. अमरावतीले पह्यला ठोसा बसला तं मी उभी राहीन का पळून जाईन, हे मलेच मालूम नाही. तिथं जायच्या आधी एक खरी फाइट पाह्यजे मले. एकच. हरली तरी चालते."

पोरगी बारा गावच्या फ्लेक्सवर दोन्ही मुठींतून विजा काढताना दिसते, आणि तिला आपण कोण आहोत हेच ठाऊक नाही. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं होतं. मला राग आला, नवऱ्याचा जास्त आणि थोडा माझाही.

तिनं माणूस शोधूनच ठेवला होता. लोणार तालुक्यातल्या बीबी गावची योगिनी, एका शिबिरात भेटलेली. बाप भाजीपाला करतो. त्यानं गोठ्यात रेती भरून पोतं टांगून दिलंय, त्यावर पोरगी रोज हात चालवते. वय तेच, वजन तेच, पट्टा तोच. धामणगाव बढ्याच्या आमच्या स्पर्धेला यायला ती तयार होती.

"पप्पाले सांगतलं?"

"सांगतलं तं तिचा येगळा गट होईन."

हे मात्र खरं होतं. म्हणून आम्ही दोघी गप्प राहिलो.

धामणगाव बढे इथल्या मंगल कार्यालयात स्पर्धा होती. दाराशी भला मोठा फ्लेक्स, 'अपराजित सुवर्णकन्या धम्मशीला'. मी रजा टाकून गेले होते. ह्यांनी मला वजनाच्या काट्यावर बसवलं, कारण रांग लावणं मला जमतं. काटा एका अडत्याच्या दुकानातून आणलेला, सोयाबीनची पोती मोजायचा. मी वजन ओरडून सांगायचं आणि ह्यांनी बाजूला उभं राहून गट ठरवायचे. सकाळभर सगळं त्यांच्या मनासारखं चाललं. दोन-तीन पोरं मसालेभात खाऊन आली.

मग धम्मशीला काट्यावर उभी राहिली. मी ओरडले, "बावन्न!" तिच्या मागची पोरगी उभी राहिली. काळीसावळी, केस घट्ट बांधलेले, कुणाकडे न बघणारी. "बावन्न!"

ह्यांनी मान वर केली. "कुठली बेटा तू?"

"बीबी."

"वय?" तिनं सांगितलं. "पट्टा?" तिनं दाखवला. तालुक्याचा गट मोठ्या पोरींना नसतो, तो नियम त्यांनीच केलेला. ह्यांचा चेहरा आमच्या जुन्या गाडीच्या इंजिनासारखा आधी तापला, मग बंद पडला. पण सावरले. हसून म्हणाले, "बेटा, लांबून आली. जा, आधी मसालेभात खाऊन ये."

तिच्या मागं तिचा बाप उभा होता, अर्जुनराव. खांद्यावर टॉवेल, हातात पाण्याची बाटली. "नाई सर," तो म्हणाला. "पोरगी उपाशीच खेळती. झाल्यावर जेवंल."

ह्यांनी धम्मशीलाकडं पाहिलं. "धम्मा, मंग तू जेवून ये."

"मले भूक नाही सर." क्लासच्या कामात ती त्यांना सरच म्हणते.

मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला कळतो. काटा माझ्यासमोर होता, चोपन्न म्हणायला काय लागतं? सकाळभर तर पोरांची वजनं वाढवणंच चाललं होतं. त्या नजरेत इतकी विनवणी होती की क्षणभर माझी जीभ अडखळली. मग मला बसमधली पोरगी आठवली. शेजारी माईक पडला होता, तो उचलला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यात बोलले.

"बावन्न किलो गट. धम्मशीला, देऊळघाट. योगिनी, बीबी. दोघी एकाच गटात. फाइट होईन."

कार्यालयात मागं बसलेले लोक उठून पुढं आले. आमच्या स्पर्धेत फाइट होणार हे लोकांना नवीनच होतं.

ह्यांनी माझ्याकडून माईक घेतला आणि काहीच झालं नाही अशा थाटात म्हणाले, "जी हाँ दोस्तो, महामुकाबला!" मग माझ्या कानाजवळ वाकून सहज विचारलं, "काहो कंडक्टरबाई, बुलढाण्याले जायची शेवटची गाडी कव्हा निघते इथून?"

मला वाटलं, लांबच्या पाहुण्यांची काळजी करत आहेत. मी सांगून टाकलं, दिवे लागायच्या आत. इतकी वर्षं संसार करूनही मी अशी भोळी!

जेवणं झाली आणि सत्कार सुरू झाले. सत्कार आमच्याकडे नेहमीच असतात. पण त्या दिवशीचे सत्कार मी जन्मात विसरणार नाही. आधी प्रमुख पाहुणे नारायणराव, मग त्यांच्यासोबत आलेले, मग त्यांना घेऊन आलेला ड्रायव्हर. प्रत्येकाला शाल, नारळ आणि दोन शब्द. मंडपवाल्याचा सत्कार. साउंडवाल्याचा सत्कार, त्यासाठी साउंडवाला स्टेजवर गेला तर आवाजच बंद पडला, तो परत जाऊन चालू करून आला आणि उरलेली शाल घेतली. मसालेभात करणाऱ्या आचाऱ्याचा सत्कार. ज्याचा काटा होता त्या अडत्याचा सत्कार, आणि तो हजर नव्हता म्हणून त्याच्या वतीनं काट्याला हार. मध्येच अकोल्याची गोष्ट. मध्येच चार विटा. बाहेर ऊन उतरायला लागलं, आणि तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. हा माणूस वेळ काढत होता, म्हणजे गाडी चुकेल या भीतीनं बीबीवाले फाइट न करताच उठून जातील!

अर्जुनराव चुळबुळ करत होता. दोनदा उठला, दोनदा बसला. शेवटी स्टेजपाशी जाऊन म्हणाला, "सर, पोरींचं कवा लावता? आमाला लई लांब जायचंय."

"अरे वा! बीबीहून आलेले अर्जुनराव!" हे माईकवर कडाडले. "यांचा सत्कार राहिला की! या, या!" आणि त्या माणसाला वर ओढून शाल गुंडाळली. तो बिचारा नारळ हातात घेऊन उभा. त्याच्या पोरीनं ड्रेसची गाठ सोडून परत बांधली, किती वेळा बांधली असेल कोण जाणे. आमची धम्मशीला तिच्याशेजारी भिंतीला टेकून उभी होती. ती माझ्याकडं बघतही नव्हती. खाली बघत होती. तिचं तोंड पाहिलं आणि मला इतकी चीड आली की हातातली पाण्याची बाटली मी पिळून काढली.

तेवढ्यात हे म्हणाले, "आणि आता, ज्यांच्याशिवाय हा कार्यक्रम शक्यच नव्हता, माझ्या सौभाग्यवती..."

मी स्टेजवर गेले. शाल घेतली. नारळ घेतला. मग माईकही घेतला, आणि सोडला नाही.

"बीबीचे पाव्हणे आज आमच्या घरी मुक्कामाले हायेत," मी म्हणाले. "त्याहिले गाडीची घाई नाही. सकाळच्या गाडीत मीच बसवून देईन. आता सरले किती सत्कार करायचे ते करू द्या. आमी बसलो हाओत."

लोक असे हसले की छताचे पंखे हलले असतील. अर्जुनरावानं माझ्याकडं बघून नारळ वर केला. ह्यांनी मागं वळून पाहिलं. टेबलावर एकही शाल उरली नव्हती. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "लावा ना बे आता फाइट!"

मग लावली.

रेफरी हेच. दुसऱ्याला कधी होऊ देत नाहीत. दोघी पोरी समोरासमोर उभ्या राहिल्या, वाकल्या. ह्यांनी हात खाली आणला. मी पापणी मिटली असेल-नसेल, तोवर योगिनीची मूठ आमच्या पोरीच्या तोंडावर बसलेली. धम्मशीला मटकन खाली बसली. नाकातून रक्ताची बारीक धार ओठावर आली.

ह्यांचा हात वर गेला, फाइट थांबवायला. माझ्याही तोंडातून निघणारच होतं, बस झालं. पोरगी आहे माझी, लोखंडाची नाही. पण ती खाली बसल्या बसल्या बोटानं नाक पुसत होती आणि बोटाकडं असं बघत होती, जसं काही हरवलेलं सापडलं. मग तिनं मान वर केली.

"सर, बाजूले व्हा."

ती उठली. पळाली नाही. पुढं गेली, आणखी एक खाल्ला, पण या वेळी डोळे उघडे ठेवून खाल्ला. मग तिची लाथ योगिनीच्या बरगडीत अशी बसली की अर्जुनराव माझ्याशेजारी "आगं आई!" म्हणून ओरडला. मी ओरडत होते, "मार धम्मे, सोडू नोको!" तो ओरडत होता, "योगे, हात वर! हात वर!" मध्येच आमची नजरानजर झाली, दोघंही ओशाळलो, आणि परत ओरडायला लागलो.

आमची हरली. त्यात काही शंका नव्हती. योगिनी चांगली होती. पोत्यात रेती भरून मारणारी पोरगी, आणि आमची हवेत मारणारी. पण शेवटच्या मिनिटाला आमचीही हवेत मारत नव्हती.

ह्यांनी दोघींची मनगटं धरली आणि मध्ये उभे राहिले. आता मला ठाऊक होतं काय होणार. हा माणूस दोघींचे हात वर करणार आणि म्हणणार, दोस्तो, आज खेळाचा विजय झाला. असं त्यांनी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत केलेलं आहे. त्यांच्या हाताच्या शिरा ताठ झाल्या होत्या. समोर दारात तो फ्लेक्स दिसत होता, अपराजित. धम्मशीला त्यांच्याकडं मान वळवून बघत होती. नाकाखाली रक्त वाळलेलं, छाती वरखाली होत होती. मी मनातल्या मनात म्हणत होते, बापा, एवढं एक करू नोको. एवढं एक केलं तर ही पोरगी अमरावतीला जाईल पण तुला कधी माफ करणार नाही, आणि मीही करणार नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. मग त्यांनी योगिनीचा हात वर केला. एकटीचा.

टाळ्या पडल्या. ह्यांनी खोक्यातून मेडल काढलं, योगिनीच्या गळ्यात घातलं. सवयीनं दुसरं काढलं आणि धम्मशीलाकडं वळले. तिनं मान मागं घेतली.

"हे गोल्ड हाये."

"हाव."

"मी दुसरी आली. मले दुसऱ्या नंबरचं द्या."

त्यांनी खोक्यात हात घातला, खाली-वर केलं. सगळं सोनेरी. इतकी वर्षं झाली, सिल्व्हर त्यांनी कधी मागवलंच नव्हतं. "दुसऱ्या नंबरचं नाही आपल्याजवळ," ते हळूच म्हणाले. माईक चालू होता. ते साऱ्या कार्यालयानं ऐकलं. कुणीतरी हसलं, मग हसायचं थांबलं. धम्मशीलानं वाकून नमस्कार केला आणि रिकाम्या गळ्यानं खाली उतरली.

मॅटच्या टेम्पोतून घरी येईपर्यंत हे एक अक्षर बोलले नाहीत. मला आधी बरं वाटलं, मग काळजी वाटायला लागली.

सासूबाईंनी पिठलं-भाकरी, ठेचा केला होता. अर्जुनराव आणि मी भाजीच्या भावावर बोलत जेवलो. दोघी पोरी एकमेकींच्या ताटाला ताट लावून बसल्या होत्या, एकीचं नाक सुजलेलं, एकीला वाकता येत नव्हतं, आणि खिदळत होत्या. कुठला ठोसा कुठून आला हे भाकरीच्या तुकड्यांनी ताटात मांडून दाखवत होत्या. धम्मशीलाला इतकं बोलताना मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. हे मात्र चार घास खाऊन उठले.

थोड्या वेळानं मोरीतून खरखर आवाज यायला लागला. मला वाटलं, सासूबाई भांडी घासताहेत. पण सासूबाई माझ्यासमोर बसलेल्या. मी जाऊन दारातून पाहिलं. विदर्भाचा वाघ लुंगी वर खोचून मोरीत उकिडवा बसला होता आणि मेडलांचं खोकं शेजारी ठेवून तारेच्या घासणीनं एक मेडल घासत होता. सोनेरी पाणी निघून खालचा पांढरा पत्रा लख्ख झाला होता. कडेला थोडं सोनं राहिलं होतं, ते नखानं खरडत होते.

माझ्यामागं धम्मशीला येऊन उभी राहिली. त्यांना ती दिसली, पण हात थांबवला नाही.

"अकोल्याले मी पह्यल्याच फाइटमध्ये गेलो होतो," ते घासणीकडं बघत म्हणाले. "एका ठोशात. मंग दिवसभर बसून राह्यलो बाहीर. कोणी इचारलं नाही, काय झालं म्हणून. परतीच्या गाडीत सोबतचे पोरंबी बोलले नाही. मंग अकोल्याच्या बाजारातून कप घेतला, अन् घरी आलो. त्याच्यानंतर मी कोणासंगच फाइट केली नाही." त्यांनी मेडल पाण्याखाली धरलं. "तू खाली बसली नं आज, मले वाटलं, आता हिच्यासंगबी कोणी बोलणार नाही."

टीव्हीवरच्या त्या कपात मी इतकी वर्षं चाव्या ठेवते. मला रागही येईना.

ते उठले. मेडल लुंगीला पुसलं आणि धम्मशीलाच्या गळ्यात घातलं. माईक नाही, शाल नाही. "दुसरा नंबर," ते म्हणाले, इतक्या हळू की मला कान द्यावा लागला.

तिनं मेडल हातात धरून उजेडात फिरवून पाहिलं. मग मान वर केली.

"पप्पा, तुमचं अकोल्याचं मेडल किती घासा लागन मंग?"

ते हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "भोक पडेपर्यंत व माय," ते म्हणाले.

तिनं खोक्यातून त्यांच्यासाठी एक मेडल काढलं आणि मोरीत बसली. खरखर परत सुरू झाली. घासणी नवीकोरी होती, त्याच आठवड्यात आणलेली. तिची पार वाट लागली.